सात रस्त्याचा डाग काळा, मार्डीचा तपकिरी: हवेतली काजळी उजेडानं मोजायची घरगुती रीत

सोलापुरात विजापूर रोडला आमचं पीयूसी सेंटर आहे, म्हणजे गाड्यांचा धूर तपासायचं ठिकाण. डिझेलची गाडी आली की सायलेन्सरमध्ये नळी घालायची, ड्रायव्हरला गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबायला सांगायचं आणि स्क्रीनवरचा आकडा बघायचा. बीएस फोर, म्हणजे धुराच्या सरकारी नियमांचा चौथा टप्पा, त्याच्या आधीच्या गाडीला २.४५ च्या आत, बीएस फोरला १.६२ च्या आत. हा आकडा धुराच्या वजनाचा आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. पण आमच्या यंत्रात काटाच नाही. त्याच्या पोटात एका टोकाला हिरवट दिवा आहे, दुसऱ्या टोकाला उजेड ओळखणारा डोळा, आणि मधून धूर जातो. दिव्यातून निघालेला किती उजेड डोळ्यापर्यंत पोचलाच नाही, एवढंच ते बघतं. ४३ सेंटिमीटर धुरातून जाताना शंभरातला पासष्ट भाग उजेड गडप झाला तर आकडा येतो २.४५.

दिवसभर हेच काम करत असल्यामुळे एक प्रश्न डोक्यात राहिला होता. गाडीच्या धुराचं माप मी काढते, मग तो धूर ज्या हवेत मिसळतो त्या हवेचं माप का काढू नये? आणि माझं माहेर सोलापूरजवळच्या मार्डी गावचं. आई तिथंच राहते, सकाळचं आंघोळीचं पाणी चुलीवर तापवते, भाकरी चुलीवरच करते. सोलापुरात कुणी खोकलं की आम्ही सगळे म्हणणार, चार दिवस गावाकडं जा, हवा चांगली आहे. मीही म्हणायचे. हे खरं की खोटं ते मोजून बघायचं ठरवलं, आणि त्यातून ही रीत तयार झाली. दोन थंड्यांमध्ये मी ती सुधारत आणली. आता नववीतली मुलगीही एकटीनं मोजू शकते, म्हणून लिहून ठेवते आहे.

काजळी उजेड कशी खाते

सामान जमवायच्या आधी एवढं समजून घ्या, नाहीतर आकडे येतील आणि कशाचे ते कळणार नाही.

काजळीचा कण म्हणजे एक गोळी नसते. नान्नजच्या द्राक्षाचा घड डोळ्यांसमोर आणा. तसा बारीक मण्यांचा घड असतो आणि एकेक मणी २० ते ५० नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहून लहान. आपल्याला दिसणाऱ्या उजेडाची लाट साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांब असते. मणी लाटेपेक्षा इतका लहान असल्यामुळे उजेड त्याच्या वरच्या सालीवर अडत नाही, थेट आत शिरतो. आतला कार्बन पेन्सिलीच्या शिशासारखा थराथरांचा असतो. त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन निळा, हिरवा, तांबडा असा कुठलाही रंग उचलतात आणि त्याची उष्णता करून आजूबाजूच्या हवेला देतात. मण्यातला प्रत्येक अणू आपला वाटा खातो, म्हणून थोडक्या काजळीची सावली फार मोठी पडते. ताजी काजळी हिरव्या उजेडात ग्रॅममागे सुमारे साडेसात चौरस मीटर उजेड अडवते. आपली ६० बाय ९० इंची सोलापुरी चादर साडेतीन चौरस मीटर भरते. म्हणजे एक ग्रॅम काजळी दोन चादरींहून थोडा जास्तच उजेड खाते.

लाट जितकी आखूड तितकं शोषण जास्त, हाही त्यातलाच भाग. शुद्ध काजळीचं गणित सरळ आहे. लाट निम्मी झाली की शोषण दुप्पट.

चुलीच्या, त्यातही धुमसणाऱ्या चुलीच्या धुराची गोष्ट वेगळी. त्यात काजळीबरोबर डांबरासारखे सेंद्रिय पदार्थ असतात. ते तांबडा उजेड बहुतेक सोडून देतात आणि निळा व त्याच्या पलीकडचा अतिनील उजेड धरतात. कोरा चहा आठवा. निळा रंग त्यात जिरतो म्हणून तो तांबूस दिसतो. शास्त्रज्ञ याला तपकिरी कार्बन म्हणतात. धुरात तो भरपूर असला की लाट निम्मी केल्यावर शोषण दुपटीवर थांबत नाही, चौपट, कधी त्याहूनही जास्त होतं.

आपली सगळी रीत याच फरकावर उभी आहे. एकाच डागातून आधी तांबडा उजेड पाठवायचा, मग निळा, आणि दोन्ही किती अडले ते ताडून बघायचं. मोठ्या संस्थांकडे याच कामाचं ॲथेलोमीटर नावाचं यंत्र असतं. ते ३७० पासून ९५० नॅनोमीटरपर्यंत सात रंगांत मोजतं, आणि काळ्या कार्बनचा आकडा ८८० च्या अवरक्त उजेडावरून देतं, कारण तिथं तपकिरी पदार्थ फारसे लुडबुडत नाहीत. आपण दोन रंगांत भागवणार आहोत.

एक गोष्ट मला फार आवडते, म्हणून सांगते. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं १८८० च्या सुमारास असं दाखवलं की लुकलुकता उजेड पदार्थावर पडला की त्यातून आवाज निघतो, आणि सगळ्यांत मोठा आवाज दिव्याच्या काजळीनं दिला. काजळी उजेड खाते, क्षणात तापते, हवेला धक्का देते, त्याचा तो आवाज. आजही काजळीचं शोषण मोजायची एक अचूक पद्धत त्याच आवाजावर चालते.

हवा ओढायचं यंत्र

उघड्या हवेतली काजळी आमच्या यंत्रातल्या धुराच्या मानानं हजारो पटींनी विरळ असते. सरळ नळीतून बघायचं म्हटलं तर नळी कित्येक किलोमीटर लांब लागेल. म्हणून हवा फिल्टरमधून ओढून काजळी एका ठिपक्यात गोळा करायची.

पंप बारा व्होल्टचा, डायफ्रामवाला, दोन तोंडांचा घ्या. एक ओढणारं, एक सोडणारं. माशांच्या टाकीचा पंप नको, तो फक्त हवा सोडतो. त्याला बदलून घेण्यात मी पहिला महिना घालवला. वीज यूपीएसच्या सात अँपिअर-तासाच्या बॅटरीची. गावात सकाळी लाइट असेलच असं नाही, आणि मोजणी मधेच थांबली तर ती वाया जाते.

फिल्टर काचतंतूचा, ४७ मिलिमीटरचा. शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान देणाऱ्या दुकानात शंभराची डबी मिळते. महाग वाटली तर तीन-चार जणांत घ्या. एका चकतीतून कात्रीनं चार फोडी निघतात. साधा फिल्टर कागदही चालतो, पण तो ओल धरतो आणि पावसाळी हवेत आकडे हलतात.

फिल्टर धरायला पाण्याच्या दोन बाटल्यांच्या माना आणि टोपणं घ्या. दोन्ही टोपणांना मधोमध बरोबर ८ मिलिमीटरचं भोक पाडा. घरी ड्रिल नसेल तर गॅरेजमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. सायकलच्या ट्यूबचे दोन गोल तुकडे कापून त्यांनाही तेवढंच भोक. आता खालून वर असा थर लावा: टोपण, रबर, चहाच्या गाळणीची बारीक जाळी, फिल्टर, रबर, उलटं टोपण. जाळी विसरलात तर फिल्टर ओढीनं फाटतो. चारी बाजूंनी कागदांच्या काळ्या क्लिपा लावून घट्ट करा. खालच्या टोपणाला बाटलीची मान फिरवा, मानेत पंपाची नळी बसवून एम-सीलनं बुजवा. वरच्या टोपणाला दुसरी मान लावा, ती हवा आत घ्यायची. वापरताना हे तोंड खाली करून टांगा आणि त्यावर अर्धा कापलेला प्लास्टिकचा ग्लास टोपीसारखा ठेवा. सोलापूरची धूळ तुम्हाला माहीतच आहे. तिचे जाड कण थेट आत पडायला नकोत.

गळती बघायलाच हवी. पंपाच्या सोडणाऱ्या तोंडाची नळी बादलीतल्या पाण्यात बुडवा. बुडबुडे येतील. आता हवा आत घ्यायचं तोंड अंगठ्यानं दाबून धरा. बुडबुडे पूर्ण थांबले पाहिजेत. एक जरी येत राहिला तरी कुठून तरी फिल्टर चुकवून हवा जाते आहे असं समजा आणि क्लिपा पुन्हा लावा.

हवा किती जाते तेही त्याच बादलीत कळतं. लिटरची बाटली पाण्यानं गच्च भरून बादलीत उलटी धरायची, नळी तिच्या तोंडाखाली न्यायची आणि मोबाईलवर सेकंद मोजायचे. माझ्या पंपाला फिल्टरसकट एक लिटरला तीस सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला दोन लिटर. सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा मोजा. डाग दाट झाला की ओढ कमी होते. दोन्हींची सरासरी धरा.

उजेडाची नळी

विजेच्या फिटिंगचा २० मिलिमीटरचा पाइप, वीतभर. आतून काळा रंग द्या, नाहीतर भिंतीवरून उजेड परततो. वरच्या टोकाला चार पायांचा आरजीबी एलईडी बसवा. त्यात तांबडा, हिरवा, निळा तिन्ही दिवे एकाच टोपीत असतात, त्यामुळे रंग बदलला तरी जागा हलत नाही. तांबडा साधारण ६३० नॅनोमीटरचा, निळा ४७० चा. प्रत्येक रंगाच्या पायाला ३३० ओहमचा रेझिस्टर आणि वीज मोबाईलच्या पाच व्होल्टच्या चार्जरची. एलईडीखाली बटर पेपरचा तुकडा लावा म्हणजे उजेड सारखा पसरतो.

खालच्या टोकाला बागेतल्या दिव्यावर असतो तसला छोटा सोलर सेल, त्यावर ८ मिलिमीटर भोकाचा काळा पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावर फिल्टर ठेवायची जागा. पाइप त्यावर नेमका एकाच जागी बसला पाहिजे. मी लाकडी पाटीवर दोन खिळे ठोकून खाच केली.

सेलच्या दोन वायरी मल्टिमीटरला जोडा आणि मीटर करंटवर ठेवा, मायक्रोअँपिअरमध्ये. व्होल्टवर नको. इथंच माझी पहिली थंडी फुकट गेली. मी व्होल्ट मोजत बसले, आणि शहर, गाव, देवघर, सगळीकडचे आकडे सारखेच यायला लागले. सेलचा व्होल्ट उजेड निम्मा झाला तरी जेमतेम हलतो. करंट मात्र उजेडाच्या प्रमाणात चालतो. निम्मा उजेड, निम्मा करंट. चाळीस फिल्टर वाया गेल्यावर हे कळलं, तुमचे जाऊ नयेत.

दिवा लावून दहा मिनिटं थांबा, मगच मोजा. एलईडी गरम होईपर्यंत उजेड थोडा थोडा उतरत असतो.

मोजायचं असं

कोऱ्या फिल्टरच्या कडेला पेन्सिलीनं नंबर आणि बाणाची खूण करा. खूण नेहमी एकाच दिशेला, काजळीची बाजू नेहमी वर. तांबडा आणि निळा, दोन्ही उजेडांत करंट लिहून घ्या. फिल्टर उचलून परत ठेवा, पुन्हा लिहा. तीनदा करा आणि मधला आकडा घ्या. मग हवा ओढा आणि त्याच फिल्टरचा करंट तसाच पुन्हा लिहा.

एक कोरा फिल्टर कायमचा जोडीला ठेवा. दर वेळी आधी त्याचा करंट बघायचा. त्याचा परवा ८४ होता आणि आज ८३ असेल तर दिवा किंवा सेल तेवढा बदललाय, आणि डागाच्या आकड्यालाही तेवढीच दुरुस्ती करायची.

आता सात रस्त्याची, म्हणजे सोलापुरातल्या गर्दीच्या चौकाची, नोंद बघा. डिसेंबरमधली संध्याकाळ, सात ते आठ, एका ओळखीच्या दुकानाच्या पायरीवर, माणसाच्या नाकाच्या उंचीला. मिनिटाला दोन लिटरनं साठ मिनिटं, म्हणजे १२० लिटर हवा. तांबडा करंट ८४.० वरून ६६.० वर आला. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरमध्ये ८४ भागिले ६६ करा आणि एलएनचं बटण दाबा: ०.२४१. साधी टक्केवारी न घेता लॉग घ्यायचं कारण असं की काजळीचा प्रत्येक थर उरलेल्या उजेडाचा ठरावीक हिस्सा खातो, सगळ्या उजेडाचा नाही. आमचं पीयूसीचं यंत्रही आतून हेच गणित करतं.

ठिपका ८ मिलिमीटरचा, क्षेत्रफळ ५०.३ चौरस मिलिमीटर. त्याला हजारानं गुणा, हवेच्या लिटरनं भागा, लॉगनं गुणा. ५०.३ गुणिले १००० भागिले १२० म्हणजे ४१९, त्याला ०.२४१ नं गुणलं की १०१. उजेड किती अडतो त्याचा हा आकडा दहा लाख मीटर हवेमागचा आहे.

तो तसाच खरा धरू नका. फिल्टरच्या काचतंतूंत उजेड इकडून तिकडे आपटत राहतो आणि एकाच काजळीला पुन्हा पुन्हा भेटतो, म्हणून शोषण फुगून दिसतं. अशा फिल्टरांवरच्या यंत्रांत त्यासाठी साधारण दोन ते साडेतीननं भागतात. मी तीननं भागते: ३४. तांबड्या उजेडात काजळी ग्रॅममागे साधारण साडेसहा चौरस मीटर अडवते असं धरलं तर घनमीटरमागे पाचेक मायक्रोग्रॅम काजळी झाली. हा शेवटचा आकडा अंदाजाचा आहे. तो वर्तमानपत्राला देण्याजोगा नाही. पण फिल्टर, पंप, नळी तीच ठेवून दोन जागा ताडून बघायला ही रीत पक्की आहे, आणि आपल्याला तेच करायचंय.

त्याच डागाचा निळा करंट ६१.० वरून ४३.९ वर आला होता. लॉग ०.३२९. त्याला तांबड्याच्या ०.२४१ नं भागलं की १.३७. हे निळं-तांबडं गुणोत्तर वेगळ्या रकान्यात लिहा. यात हवेचं माप येत नाही, भागाकारात बरीच चूक निघून जाते, म्हणून माझा सगळ्यांत जास्त भरवसा याच आकड्यावर आहे. शुद्ध काजळीला ते ६३० भागिले ४७०, म्हणजे १.३४ यायला हवं. सात रस्त्याचा डाग जवळजवळ निव्वळ काजळीचा, गाड्यांचा.

उजेड किती उरला याकडे लक्ष ठेवा. शंभरातला ७० ते ८५ भाग उरेल इतकाच डाग पाडायचा. ६० च्या खाली गेला तर तो फिल्टर सोडून द्या. कण एकमेकांच्या सावलीत दडतात आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो.

आधी दिवा आणि गोवरी

बाहेर जायच्या आधी घरातच यंत्राची परीक्षा घ्या. तेलाच्या दिव्याची वात मोठी करा, ज्योत धूर सोडायला लागली की फिल्टरचं तोंड त्याच्या वर हातभर अंतरावर काही सेकंदच धरा. काजळ पाडायला आजी जशी ज्योतीवर ताटली धरायची, तेच हे. गुणोत्तर १.३४ च्या आसपास आलं पाहिजे. फार वेगळं आलं तर एलईडीचे रंग किंवा सेलची जागा तपासा. मग अर्धी जळून विझत आलेली गोवरी घ्या, जिच्यात ज्योत नाही, नुसता पांढरट धूर आहे. तिचा डाग फिकट, पिवळसर तपकिरी पडतो. तांबडा करंट जेमतेम उतरतो आणि निळा चांगलाच. गुणोत्तर दोनाच्या वर गेलं तर घाबरू नका, यंत्र बरोबर आहे.

हे दोन डाग शेजारी ठेवून बघितले की जळणं आणि धुमसणं यातला फरक कायमचा लक्षात राहतो. ज्योत काळं करते, धुमसणं तपकिरी करतं.

मार्डीचा डाग

आईचं स्वयंपाकघर जुन्या माळवदाच्या घरात आहे, वर धूर जायला एक भोक. सकाळी सहाला आंघोळीच्या पाण्याची चूल पेटलेली, जळण वेड्या बाभळीचं आणि वर तुराट्या. आई चुलीपुढं बसते तिथंच, तिच्या नाकाच्या उंचीला, मी फिल्टर टांगला. आमच्या रोजच्या हिशोबानं तासभर चालवायचा होता. पाचव्या मिनिटाला बघितलं तर पांढऱ्या फिल्टरवर तपकिरी ठिपका स्पष्ट दिसत होता. तो वाया गेला. दुसरा लावला आणि चार मिनिटांत काढला.

चार मिनिटं, आठ लिटर हवा. तांबडा ८३.५ वरून ६५.०, लॉग ०.२५. वरच्याच गणितानं दहा लाख मीटरमागे सुमारे १५७५. सात रस्त्यावर १०१ होता. ज्या डागाला सात रस्त्यावर संध्याकाळच्या गर्दीत एक तास लागला, तो आईच्या चुलीपुढं चार मिनिटांत पडला. पंधरा पट. मी तो हिशोब ओट्यावर बसून तीनदा केला.

निळा ६०.५ वरून ३८.६, लॉग ०.४४९. गुणोत्तर १.७९. म्हणजे डागात काजळी आहेच, वर तपकिरी पदार्थही भरपूर. हे डोळ्यांनाही दिसतं. चुलीचा धूर मागच्या काळ्या भिंतीपुढं निळसर दिसतो, कारण बारीक कण निळा उजेड आपल्याकडे उधळतात. तोच धूर वरच्या भोकातून येणाऱ्या उजेडाकडं तोंड करून बघा. तिथं तो तांबूस तपकिरी दिसतो, कारण निळा वाटेतच गेलेला असतो.

बाहेर गल्लीत त्याच वेळी मोजलं तर आकडा खूप उतरला, सात रस्त्याच्याही खाली आला, पण गुणोत्तर दीडच्या वरच राहिलं. तीच गल्ली, दुपारी दोनला, तर पाऊण तास ओढूनही डाग दिसेना. थंडीत सकाळी हवेचा थर जमिनीला चिकटून असतो, धुराला वर जायला वाव नसतो. ऊन तापलं की थर उंचावतो आणि तेवढ्याच धुराला जागा मोठी मिळते. शहरातही तसंच. म्हणून दोन जागांची तुलना एकाच वेळेची करा, एकीची सकाळ आणि दुसरीची दुपार असं नको. आणि गावाकडची हवा चांगली हे वाक्य आता मी अर्धंच बोलते. दुपारी शेतात चांगली. सहा वाजता चुलीपुढं नाही, आणि तिथं बाईच बसलेली असते.

हवेच्या रोजच्या बातमीत हे कुठं येत नाही. केंद्र सरकारच्या स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सोलापूर शहर आहे, पण तिथं मोजतात ते कणांचं वजन. आपल्याकडं सूक्ष्म कणांना मर्यादा आहे, चोवीस तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम. काजळीला वेगळी मर्यादा नाही, आणि स्वयंपाकघर तर कुठल्याच केंद्राच्या नकाशावर नसतं. उत्तर प्रदेशातल्या गावांत मात्र हवामान शास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन यांच्या गटानं स्वयंपाकघरांत असेच फिल्टर लावले होते, आणि डागाचा फोटो रंगांच्या नमुन्याशेजारी मोबाईलवर काढून काजळीचा अंदाज घेतला होता. ते वाचल्यावर मला धीर आला होता.

धूळ की धूर, शंका आली तर

निळं-तांबडं गुणोत्तर चढलं म्हणजे चुलीचाच धूर असं लगेच समजू नका. मुरमाच्या तांबड्या धुळीत लोहाचं ऑक्साइड असतं आणि तेही निळा उजेड खातं. रस्त्याचं काम चालू असेल, वारा सुटला असेल, तर तुमचा डाग फसवेल.

दोन गोष्टी करा. भिंगातून बघा. धूळ दाणेदार दिसते, धुराचा डाग सायीसारखा एकसारखा. आणि दुसरी, ॲसिटोनची परीक्षा. नेलपॉलिश काढायचं साधं ॲसिटोन चालतं, त्यात तेल मिसळलेलं नको. सगळी मोजणी झाल्यावरच हे करायचं, खिडकी उघडी ठेवून, आणि चूल, गॅस, उदबत्ती काही पेटलेलं नसताना. ते भडकतं. डाग काचेच्या बशीवर ठेवा आणि ड्रॉपरनं मधोमध एक थेंब सोडा. मार्डीच्या डागावर थेंब पसरत गेला तसा त्याच्या पुढच्या कडेला पिवळट तपकिरी कडं सरकत गेलं, साडीवर चहा सांडून वाळल्यावर उरतं तसं, आणि मधे राखाडी काळा ठिपका राहिला. तपकिरी पदार्थ विरघळून बाहेर गेले, काजळी जागची हलली नाही. काजळी कशातच विरघळत नाही. सात रस्त्याच्या डागाभोवती कडं उमटलं ते इतकं फिकं की मुलीनं दाखवल्यावरच मला दिसलं. धुळीचा डाग असता तर कडंच आलं नसतं.

पाणी तापवायची चूल भावानं दिवाळीनंतर परसात नेली. आईला ते पटत नव्हतं. "धुरानं डास तरी पळत्यात, माळवदाला कीड लागत न्हाई," असं तिचं म्हणणं, आणि त्यात तथ्यही आहे. तिला आकडे सांगून उपयोग नव्हता. दोन्ही फिल्टर तिच्या तळहातावर ठेवले. हा सात रस्त्याचा, एका तासाचा. हा तुझ्या चुलीचा, चार मिनिटांचा. तिनं तपकिरी डागाचा वास घेतला आणि म्हणाली, "ह्यो तर माझ्या पदराचा वास." चूल हलल्यावर त्याच वेळी, त्याच खिळ्याला फिल्टर टांगला. या वेळी वीस मिनिटं चालवावा लागला. तांबडा ८३.० वरून ७०.८, म्हणजे दहा लाख मीटरमागे २००. आठवा हिस्सा. भाकरीची चूल अजून आतच आहे, तिचं माप पुढच्या सुट्टीत घ्यायचंय.

शेवटचं, फिल्टर सांभाळायचं. मोजून झालेला डाग बटर पेपरच्या पाकिटात ठेवा, वर तारीख, जागा, वेळ, किती लिटर ते लिहा, आणि पाकीट पत्र्याच्या डब्यात अंधारात. निळ्याचं माप त्याच दिवशी घ्या, उद्यावर टाकू नका. तपकिरी पदार्थ उजेडात फिके पडतात. मी एक गोवरीचा डाग सेंटरच्या खिडकीत विसरले होते. पंधरा दिवसांनी बघितलं तर शेजारी ठेवलेला दिव्याच्या काजळीचा डाग होता तसाच होता, आणि गोवरीचा मला नंबर वाचून ओळखावा लागला.